वकालतनाम्यावरचं दुसरं नाव

आमच्या ऑफिसातले ज्येष्ठ वकील विठ्ठलराव गेल्याचा फोन मला कोर्टाच्या व्हरांड्यात आला, आणि तेवढ्यात ते चालवत असलेल्याच खटल्याचा पुकारा झाला. तामसी गावच्या रुक्माबाईंचं शेत. विक्रीवरच्या मनाईची मुदत त्याच दिवशी संपत होती. वकालतनाम्यावर, म्हणजे रुक्माबाईंच्या वकीलपत्रावर, त्यांच्या नावाखाली माझं नाव होतं. मी उभी राहिले. न्यायाधीशांच्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मला येत होतं... कारण विठ्ठलरावांनी ते रोज संध्याकाळी, मी मोबाइल चाळत असताना, मला सांगून ठेवलं होतं. मनाई कायम राहिली.

आदिलाबादच्या आमच्या ऑफिसात आम्ही तिघे वकील: ते, मी आणि सुधाकर. दोनेक वर्षांपूर्वी, निवृत्तीचा विचार सुरू झाल्यावर, त्यांनी आम्हाला बसवून ऑफिसच्या पुढच्या वाटचालीचा विचार मांडला. पहिली पायरी एवढीच, की प्रत्येक वकालतनाम्यावर दोघांची नावं असावीत आणि प्रकरण दोघांनाही माहीत असावं. एकाचं काही झालं तर पक्षकार उघड्यावर पडू नये. पण आमच्याकडे पक्षकार ऑफिसचा नसतो, वकिलाचा असतो, सोयरिकीसारखा जपलेला. मी फटकन म्हणाले, "जाता जाता आमचे पक्षकार पळवता का?" सुधाकर खो खो हसला. विठ्ठलरावही हसले. "पळवून नेऊ कुठं, बाई? तामसीच्या बसमधी मलेच जागा भेटत नाही." पुन्हा त्यांनी विषय काढला नाही. स्वतःच्या वकालतनाम्यांवर मात्र माझं नाव घालू लागले. मी सह्या करत गेले, आणि माझ्या एकाही पक्षकाराच्या कागदावर त्यांचं नाव येऊ दिलं नाही.

त्या दिवशी कोर्टाबाहेर आल्यावर रुक्माबाईंना विठ्ठलराव गेल्याची बातमी सांगितली. त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, "सायेब म्हनत, मी नसलो तं बाई हायेत... तुमच्या मागं कोन हाय, बाई?"

माझ्या मागं मी कुणाचंच नाव येऊ दिलं नव्हतं. त्याची लाज अजून गेलेली नाही.

विठ्ठलरावांच्या खोलीत टेबलाच्या आतल्या बाजूला दोन खुर्च्या आहेत. दुसरी त्यांनी त्या बैठकीनंतर आणवली. मी तिच्यावर कधी बसले नाही. लवकर उठता यावं म्हणून पक्षकारांच्याच बाजूला बसायची. काल मी आतल्या बाजूला बसले आणि सुधाकरला तिथं बोलावलं. "काऊन, पक्षकार वाटून राह्यल्या का?" तो दारातूनच म्हणाला. मी हो म्हटलं, आणि माझ्या सगळ्यात जुन्या पक्षकाराची फाइल उघडून त्याला प्रकरण सांगायला लागले. थोड्या वेळानं माझ्या शेजारची दुसरी खुर्ची ओढल्याचा आवाज आला.