ताई, टेस्ट कुठली लावू?

मी अंधेरीच्या एका कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवते. हे सांगितलं की लोक एक तर विषय बदलतात, नाहीतर ओळखीतल्या कुणा पीएचडीवाल्याला माझ्या गळ्यात मारतात. मग त्या पीएचडीवाल्याचा फोन येतो आणि त्याचं पहिलंच वाक्य असतं, "मॅडम, सर्व्हे झालाय, फक्त टेस्ट कुठली लावायची तेवढं सांगा." फक्त! स्वयंपाक झालाय, लोणचं कुठलं वाढू तेवढं सांगा, अशा थाटात.

अशांसाठी माझं उत्तर ठरलेलं आहे. लॅपटॉप मिटा आणि मला सांगा, फॉर्म कुणी भरले, कुठे बसून भरले, एकदा भरले की दोनदा? टेस्ट आकड्यांकडे बघून ठरत नाही, आकडे जमले कसे त्यावरून ठरते. माझ्या एका विद्यार्थ्याने मरोळच्या कारखान्यात कामगार समाधानी आहेत का याचा सर्व्हे केला होता. सगळेच्या सगळे प्रचंड समाधानी निघाले. चौकशी केली तेव्हा कळलं की फॉर्म भरताना सुपरवायझर खुर्ची टाकून समोरच बसला होता. त्या सर्व्हेला टेस्टची नाही, सुपरवायझरला चहाला पाठवायची गरज होती. वर्गात मी हे दर वर्षी सांगते. मागच्या बाकावरची पोरं आता माझं वाक्य माझ्याआधी पूर्ण करतात.

तर असे हे माझे प्रश्न. जगाला विचारून झाले, आणि नेमके माझ्या धाकट्या बहिणीला विचारायचे राहिले.

ती फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याहून पाच वर्षांनी लहान, राहायला माझ्यासारखीच बोरीवलीत, दोन गल्ल्या पलीकडे. नोकरी सांभाळून ती पुढचं शिक्षण घेत होती आणि त्यासाठीच्या प्रोजेक्टला तिने गोराईच्या मासळी विकणाऱ्या बायका निवडल्या. बर्फाने भरलेले टब उचलून उचलून त्यांच्या कंबरांची वाट लागलेली असते. चर्चच्या मागच्या हॉलमध्ये, बाजार आटोपून बायका परतल्या की, आठवड्यातून दोनदा ती त्यांच्याकडून कंबरेचे व्यायाम करून घ्यायची. आठ आठवड्यांचा वर्ग होता. सुरुवातीला लाजणाऱ्या बायका पुढे पुढे साड्या खोचून हिच्याआधी हॉलमध्ये हजर असायच्या. गावात तिचं नावच 'कंबरवाली' पडलं होतं, आणि ती हे नाव मला कौतुकाने सांगायची.

तिच्या गाइडने एक शब्द दिला होता. वर्गाचा उपयोग होतो हे आकड्यांत दिसलं, तर कॉलेज पुढचं वर्षभर वर्ग चालवेल, विद्यार्थी पाठवेल. नाही दिसलं तर वर्ग बंद. प्रोजेक्ट सोमवारी दाखवायचं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी ती लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आली. चपला काढता काढताच म्हणाली, "ताई, टेस्ट कुठली लावू?"

"फॉर्म किती वेळा भरले?"

"दोनदा. वर्गाच्या आधी एकदा, आठ आठवड्यांनी एकदा."

"त्याच बायकांनी?"

"मग काय दुसऱ्या आणू?"

"झकास. मग सोपं आहे. आधीचा कुठला आणि नंतरचा कुठला, जोड्या लावून दे."

"जोड्या कशा लावू? नावं कुठे आहेत? तूच म्हणालीस ना, नावं नको."

मी म्हणाले होते. अगदी तिने सांगितल्याबरोबर आठवलं. अडीच महिन्यांपूर्वी तिचा फोन आला होता, मी पेपर तपासत होते, आणि तिने विचारलं होतं, फॉर्मवर नाव घेऊ का गं? मी मोठ्या बहिणीच्या नेहमीच्या तोऱ्यात म्हणाले, "छे, अजिबात नको, नाव आलं की माणूस खरं लिहीत नाही." आणि फोन ठेवला. दोनदा भरून घेणार आहेस का, हे विचारलंच नाही. विचारलं असतं तर नावाऐवजी नंबर घाल म्हणाले असते, दोन सेकंदांचं काम होतं. बाहेरच्या माणसाला मी तो प्रश्न नक्की विचारला असता. बहिणीला काय विचारायचं, तिला फक्त सांगायचं, ही सवय हाडात मुरलेली.

जोड्या का हव्यात, ते सांगते. तीस वर्षं टब उचललेल्या एखाद्या मावशीचं दुखणं दहापैकी नऊ होतं, ते सातवर आलं. तिच्या सुनेचं चार होतं, ते दोनवर आलं. दोघींना आराम पडला, यात वाद नाही. पण कुठला कागद कुणाचा हे माहीत नसेल, तर एका गठ्ठ्यात नऊ आणि चार, दुसऱ्यात सात आणि दोन, एवढंच हातात राहतं. बायकाबायकांतला फरक एवढा मोठा की आरामाचा छोटा फरक त्यात बुडून जातो. दोन वेगळे गट समजून लावायची टेस्ट आम्ही चालवून बघितली. झालंही तसंच. उत्तर आलं की फरक आहे असं खात्रीने म्हणता येत नाही.

"दुसरी एखादी लाव ना," बहीण म्हणाली. "जिच्यात येईल अशी."

"टेस्ट म्हणजे साडी आहे का गं, अंगावर खुलेल ती निवडायला?" मी खेकसले.

"ओरडतेस काय? नाव नको कोण म्हणालं?" तिचा आवाज चिरकला. "आधी कंबर धरून बसायच्या त्या बायका, आता सरळ उठायला लागल्या होत्या. आता सोमवारी वर्ग गेला. तुला काय, तुझी टेस्ट बरोबर आली की झालं."

ती लॅपटॉप तिथेच टाकून निघून गेली. मला माझीच लाज वाटली. चूक माझी आणि वर आवाजही माझाच चढलेला. लहानपणी आमच्या घरी निकालाच्या दिवशी आई दोघींची प्रगतिपुस्तकं शिलाई मशीनवर शेजारी शेजारी उघडून ठेवायची. माझे गणिताचे मार्क, तिचे गणिताचे मार्क. आई वाईट नव्हती, तिला वाटायचं अशाने धाकटी जोर लावेल. धाकटी रडायची आणि मी, खरं सांगायचं तर, खूश असायचे. त्या शुक्रवारी तिच्या रिकाम्या खुर्चीकडे बघताना मला ते मशीन आठवलं.

शनिवारी सकाळी मी स्वतःच तिच्या घरी गेले. सॉरी म्हणाले. तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि चहा टाकला. म्हटलं, मला मूळ कागद दाखव, मी आतापर्यंत फक्त तुझी टाइप केलेली शीट बघितली आहे. तिने दोन प्लास्टिकच्या पिशव्या आणून दिल्या. मी एकेक फॉर्म उलटू लागले आणि पुन्हा भडकले. जवळजवळ प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात काहीतरी गिरगटलेलं. त्रिकोण, तीन ठिपके, आडवी रेघ मारलेला गोल, दोन डोळ्यांचा मासा.

"चित्रकलेचा तास घेतला होतास का?"

"वाट बघताना काढलं असेल गं. पेन एकच होतं, फिरवत होत्या."

मी दुसरी पिशवी उघडली. पहिल्याच कागदावर दोन डोळ्यांचा मासा. त्याखालच्यावर त्रिकोण. मी पहिली पिशवी जमिनीवर पालथी केली आणि मासा शोधू लागले. बहीण चहाचे कप घेऊन आली ती तशीच उभी राहिली. मग कप खाली ठेवून तीही फतकल मारून बसली. अर्ध्या तासात फरशीभर जोड्या लागल्या होत्या. एकतीस बायकांपैकी एकोणतीस जणींच्या. दोघींच्या कागदांवर काहीच नव्हतं, ना आधीच्या, ना नंतरच्या.

"ताई, आलं की! लाव आता."

"थांब. ही खूण म्हणजे काय, हे आपल्याला माहीत नाही. दोघी बहिणींनी एकच खूण केली असेल तर? अंदाजाने लावलेली जोडी म्हणजे खोटी जोडी. आणि नाव कळणार नाही असं तू त्यांना सांगितलंयस. विचारल्याशिवाय नाही लावायची."

"तू ना, यार, आयुष्यात कधी सुखाने काही घेऊ देणार नाहीस," ती म्हणाली, पण हसत होती.

रविवारी दुपारी आम्ही गोराईची फेरी बोट धरली. रविवार म्हणजे मासळीचा मोठा बाजार, बायका माल संपवून घरी निघाल्या होत्या. रिकामे टब बोटीच्या एका कडेला एकात एक रचलेले होते, सगळे निळे, सगळे सारखे. बोट सुटली तशी माझी नजर त्यांच्याकडे गेली. प्रत्येक टबाच्या काठावर पांढऱ्या ऑइलपेंटची एक खूण होती. त्रिकोण. तीन ठिपके. सगळ्यांत वरच्या टबावर दोन डोळ्यांचा मासा माझ्याकडे बघत होता.

मला एवढं हसू आलं की शेजारची बाई दचकली. पण लगेच दुसरी काळजी लागली. मी त्या बायकांना ओळखत नव्हते, बहीण ओळखत होती. कुठला टब कोण उचलतं हे तिने पाहिलं की संपलं सगळं गुपित. "टबांकडे बघायचं नाही," मी तिला दटावलं. बिचारी उरलेला सगळा वेळ टबांकडे पाठ करून खाडीतली खारफुटी बघत बसली.

हॉलमध्ये बायका जमल्यावर बहिणीने खुणांचा विषय काढला. पुढे बसलेली एक थोराड मावशी तिच्याकडे, या पोरीला एवढंही कळत नाही का, अशा नजरेने बघू लागली.

"नाव नको बोलली ना तू? मंग टबावरची खूण केली. आमची टोपली, आमचा टब, सगल्यांवर तीच. हिची येगली, माझी येगली. नायतर कंबर दुखायची माझी आन् आराम लिवायचा हिचा!"

हॉलभर हशा पिकला. खुणा जुळवून आधीचा आणि नंतरचा कागद एकत्र लावू का, असं बहिणीने विचारलं. "लाव ना. त्यासाठीच तर केली," मावशी म्हणाली. कुणाचीच हरकत नव्हती. खूण नसलेल्या दोघींचाही उलगडा झाला. वर्गाला येणाऱ्या दोघी जणी मासळी विकतच नव्हत्या, शेती करत होत्या. त्यांना टब नाही, तर खूण कुठून येणार! त्यांचे कागद बाजूला ठेवायचे आणि तसं अहवालात लिहायचं, असं आम्ही ठरवलं.

इतकी वर्षं मी जी गोष्ट फळ्यावर बाण काढून शिकवत आले, ती त्या बायका बाजारात रोज पाळत होत्या. आपली वस्तू आपल्याच जुन्या वस्तूशी जुळली पाहिजे. मला त्यांचा आदर वाटला आणि थोडा हेवाही.

परतताना बोटीत मी बहिणीला म्हणाले, "टेस्ट कुठली लावायची ते आता तू सांग."

तिने थोडा विचार केला. "त्याच बायका दोनदा, म्हणून जोडीची. दोन वेगळ्या गटांची नाही. आणि दुखणं शून्य ते दहा सांगितलंय, पण ती काही मोजपट्टी नाही ना. दोनवरून चारवर जाणं आणि सातवरून नऊवर जाणं सारखं नसतं. म्हणून सरासरीवाली नको, फरकांचे क्रम लावणारी घ्यायची. साइन्ड रँक."

हे तिला मी शिकवलं नव्हतं. कुठून तरी एकटीने वाचलं होतं, आणि तरीही ती दर वेळी मला विचारायला येत होती. कदाचित उत्तरासाठी येतच नव्हती.

सोमवारी दुपारी तिचा फोन आला. गाइडने अर्धा तास उलटसुलट विचारलं होतं. फरक जवळजवळ सगळ्या जोड्यांत आरामाच्याच दिशेने होता. जोड्या लावल्यावर टेस्टचं उत्तर इतकं स्वच्छ आलं की शंकेला जागा नव्हती. तरी हिने आपण होऊनच सांगितलं, की व्यायाम न करणाऱ्या बायकांचा गट नव्हता, त्यामुळे सगळं श्रेय व्यायामाला देता येत नाही. ते ऐकूनच गाइड खूश झाल्या. वर्ग वर्षभर चालू राहणार होता. फोनवर ती रडत होती आणि मीही डोळे पुसत होते, स्टाफरूममध्ये, सगळ्यांसमोर.

संध्याकाळी आईचा फोन. बातमी पोचली होती, पण आईला ती माझ्याकडून पुन्हा हवी होती. लग्नाआधी मालवण सुटलं, बोली सुटली नाही.

"काय गो, जमला मा तिका? तुझ्यासारखा?"

किती सहज विचारलं तिने. चाळीस वर्षं हेच विचारत आली होती, आणि चाळीस वर्षं मी मान ताठ करून ऐकत आले होते. माझ्या डोळ्यांपुढे ते शिलाई मशीन आलं, शेजारी शेजारी उघडलेली दोन पुस्तकं आली. दोन वेगळ्या गटांची टेस्ट. आमच्या घरात ती पहिल्यापासून चुकीचीच लागत होती, आणि घरात स्टॅटिस्टिक्स शिकवणारी मी असून मला ती दिसली नव्हती.

"माझ्यासारखं नाही, आई," मी म्हणाले. "तिला मागच्या वेळी जमलं होतं ना, त्याच्यापेक्षा खूप चांगलं जमलं. माझं मध्ये आणूच नकोस."

आई म्हणाली, "बरा. मगे तिकाच फोन करतंय," आणि तिने माझा फोन ठेवला.