मौनी साधूचा वारस

कतारमधल्या आमच्या दोह्याच्या ऑफिसातला आयरिश इंजिनिअर दिवसातून दोनदा तरी त्याचं गाव माझ्यासमोर मांडतो. गाव म्हणजे समुद्राकाठची चाळीस घरं आणि टेकाडावर एका मठाची गुडघाभर उरलेली भिंत. शेकडो वर्षांपूर्वी माणसांना कंटाळलेला एक साधू होडीतून तिथे उतरला, दगडाची खोली बांधून गप्प बसला आणि त्याच्याभोवती गाव वसलं. त्या मौनी बाबाची गोष्ट हा गृहस्थ अर्धा तास न थांबता सांगतो. मध्येच कोणी ड्रॉइंग घेऊन आलं, तर "यल्ला, चल, नंतर" असं अरबी-मराठीत म्हणावं तसं हाकलतो. लिफ्टमध्ये सापडलेल्या माणसाला तर तो पार्किंगपर्यंत सोडत नाही.

"या गोंगाटात माझा जीव रमत नाही," असं म्हणत यंदा त्याने महिन्याची रजा टाकली. त्या भिंतीपाशी जाऊन तो शांत बसणार होता. आम्ही केक कापून निरोप दिला आणि सुटकेचा निःश्वास टाकला.

नवव्या दिवशी स्वारी खुर्चीत हजर!

"काय रे, पाऊस लागला का?" मी विचारलं.

त्याने कपातली टी-बॅग बराच वेळ पिळली. "तिथे ती गोष्ट सगळ्यांनाच माहीत आहे," तो म्हणाला.

मी हसणार होतो. पण आमच्या कोकणातल्या देवळाची गोष्ट मी तरी गावी जाऊन कोणाला सांगतो? ती ऐकून घेणारा इथे हाच एक आहे.

मी खुर्ची ओढली. "बरं, साधू होडीतून उतरला. पुढे?"