भिकाजीचं नाक

दूध करपून पातेल्याचा तळ काळा झाला, तरी दोन हातांच्या अंतरावर बसलेल्या भिकाजीने मोबाइलमधून डोकं काढलं नाही.

"अहो, नाकाला कुलूप लावलंय काय?" मंगला ओरडली.

त्याने कावऱ्याबावऱ्या नजरेने पातेल्याकडे पाहिलं. तिला कळायचं ते कळलं.

"कधीपासून?"

"तापानंतर वासच येत नाही. दोन महिने झाले."

आखातातल्या खाबुरा गावाबाहेरच्या लहानशा कारखान्यात जुनं इंजिन ऑइल तापवून रॉकेल काढत. दीडशे वर्षांपूर्वी तेल शुद्ध करणारे पहिले कारागीर करत, तसंच: एक भट्टी, एक नळी आणि नळीच्या तोंडाशी वास घेणारा माणूस. आधी पेट्रोलसारखा उग्र, झटकन पेटणारा माल येतो. तो वेगळा काढायचा. वास मवाळ झाला की नळी रॉकेलच्या टाकीकडे वळवायची. बावीस वर्षं ती वेळ भिकाजीचं नाक ठरवत होतं.

"मग आता कसं करता?"

"घड्याळ बघून. अंदाजाने." तो पुटपुटला, "पूर्वी पेट्रोलला कोणी विचारत नसे, ओतून द्यायचे. काही लबाड ते रॉकेलात मिसळायचे. दिवे भडकून घरं जळायची. तेव्हा तेल किती तापल्यावर पेटतं ते बघायचं तपासणीचं भांडं आलं. आमचा मालक, हा अर्बाब, म्हणतो, भांडं कशाला, भिकाजी आहे ना! उद्या त्याला सांगून टाकतो."

मंगलाने करपलेलं पातेलं खाली ठेवलं. नोकरी गेली की व्हिसा गेला, आणि लेक पूर्वाची दहावीची परीक्षा मार्चमध्ये.

"मार्चपर्यंत गप्प राहा. हात जोडते."

तो गप्प राहिला.

चौथ्या दिवशी जवळच्या शेतावर काम करणाऱ्या दिलशादने कारखान्याचं रॉकेल भरून स्टोव्ह पेटवला आणि भडका उडाला. जीव वाचला, पण दोन्ही हात भाजले. भिकाजी तसाच अर्बाबसमोर जाऊन उभा राहिला. सगळं ऐकून म्हातारा हळू आवाजात एवढंच म्हणाला, "खलास, भिकाजी." तपासणीचं भांडं त्याच आठवड्यात आलं.

महिन्याभरात देश सोडायचा होता. भिकाजी रोज दवाखान्यात जाऊन दिलशादला स्वतःच्या हाताने भरवत असे. घरी मंगला बॅगा भरत होती.

"मिस्टेक बाबांची, मग मी का जायचं?" पूर्वा रडत होती. "माझी बोर्ड एक्झाम आहे, आई! त्यांनी आधी का नाही सांगितलं?"

पूर्वाच्या कपड्यांची घडी घालता घालता मंगला थांबली.

"ते सांगणार होते. मीच थांबवलं."

"किती दिवस?"

"चार."

पूर्वाने आईच्या हातातले आपले कपडे काढून घेतले आणि आतल्या खोलीत जाऊन स्वतःची बॅग स्वतः भरू लागली.