प्रत्येक पानाला नवी परडी

सिंधूचा नवरा उदय गेला तेव्हा आर्या सहावीत होती. जपानमधलं ओजिमातलं घर, आर्याची जपानी शाळा, सगळं त्याच्या नोकरीच्या व्हिसावर उभं होतं. आता सिंधूला स्वतःची नोकरी लागली तरच मायलेकींना इथे राहता येणार होतं. आर्याला लिहायला-वाचायला फक्त जपानी यायचं. पुण्याच्या शाळेत काय केलं असतं तिने? तरी घरी बॅगा भरायला घेतल्या होत्या.

पुण्यात गणित शिकवणाऱ्या या बाईला मी जावा, म्हणजे कॉम्प्युटरची भाषा, शिकवलं आणि आमच्या कावासाकीच्या ऑफिसात महिनाभर शिकाऊ म्हणून चिकटवलं; काम जमलं तर पक्की नोकरी. शेवटच्या शुक्रवारी तिचं काम बघितलं आणि माझं डोकंच फिरलं. तिच्या प्रोग्रामने गोदामातल्या मुदत संपलेल्या वस्तू निवडून त्यांची यादी करायची होती. हिच्या यादीत एकच वस्तू, ती पण शेवटची!

"अगं बाई, यादी लूपच्या आत केलीस! प्रत्येक फेरीला नवी रिकामी यादी! मेथी निवडताना प्रत्येक पानाला नवी परडी घेतेस का? आधीची पानं गेली ना सगळी! परडी आधी घे, मग निवडायला बस."

तिने ती ओळ लूपच्या वर नेली. यादी भरली. पण तिचा चेहरा पांढराफटक. चुकलेलं काम तिने सकाळीच मोरिता-सानना, आमच्या साहेबांना, देऊन टाकलं होतं.

"गप्प बस. मी गुपचूप बदलून ठेवते. त्यांनी अजून उघडलंही नसेल."

"नको, ज्योत्स्नाताई. मीच सांगते."

साहेबांसमोर कमरेत वाकून, मोडक्यातोडक्या जपानीत तिने सांगितलं. इथे चूक झाली की ओरडत नाहीत, 'का' विचारत राहतात.

"आधी कळलं का नाही?"

"एकाच वस्तूवर तपासलं. बरोबर आलं."

"पुढे का नाही तपासलं?"

"भीती वाटली," सिंधू म्हणाली. "चुकलं तर मुलीची शाळा जाईल, म्हणून पुढे बघितलंच नाही."

साहेबांनी समोरची फाईल मिटली. देवा रे, संपलं सगळं, असं वाटलं मला.

"सोमवारी सगळ्या वस्तूंवर चालवून दाखवा, सिंधू-सान."

तिला काही कळेना. बाहेर आल्यावर मी तिचा दंडच धरला. "अगं वेडे, आज तुझा शेवटचा दिवस होता ना? सोमवारी म्हणाले ते!"

जिन्यात उभं राहून तिने घरी फोन लावला. पलीकडून आर्या जपानीत काहीतरी विचारत होती. सिंधू एवढंच म्हणाली, "बॅगेतून दप्तर बाहेर काढ, बाळा. सोमवारी शाळा आहे."