चितार ओळीतली फिरंगी जिवती

"जिवतीच्या पायात लाकडाचे बूट असतेत काय वं?"

"तिच्या देशात चिखल असन!"

चौसष्ट सालचं हे नवरा-बायकोचं भांडण. चितार ओळीत, चित्रं-मूर्ती करणाऱ्यांच्या गल्लीत, आमची अन् शालिकराम फ्रेमवाल्याची भिंत एकच. मी पोळ्या लाटता लाटता ऐकलं. म्हणजे लाटणं थांबवूनच ऐकलं, खोटं कशाला बोलू.

झालं होतं असं. धरमपेठेतल्या मीराबाई मास्तरीणबाईंनी एक चित्र फ्रेम करायला दिलं होतं. त्यांच्या भावानं परदेशातून धाडलेलं. फ्रान्स देशातलं, शंभर वर्षांमागचं चित्र, त्याचा छापील कागद. उंबऱ्यात बसलेली पांढऱ्या टोपीची, लाकडी बुटांची आई, मांडीवर बाळ, बाजूला पाळणा, अन् एक पोरगी वाटीतल्या पेजेवर फुंकर घालते आहे. शालिकरामचं काम मोठं नेटकं, पण त्याचा 'उद्या' महिना महिना चालायचा. तेवढ्यात आषाढातली जिवतीची अमावस्या आली. आमच्याकडं त्या दिवशी लेकरांच्या आयुष्यासाठी जिवतीचा कागद भिंतीला लावतात अन् श्रावणभर पुजतात. त्या साली कागद देणारा सोनार फिरकलाच नाही. शालिकरामच्या बायकोची, वच्छलाची, दोन लेकरं गेलेली. तिसरी प्रेमिला सहा महिन्यांची, तापानं फणफणलेली. वच्छलानं ते बिनकाचेचं चित्रच भिंतीला लावलं अन् टोपीखालच्या गोऱ्या कपाळाला हळदीकुंकू टेकवलं. सकाळी ताप उतरला.

"मी नाई देत आता," ती म्हणाली. "माझं लेकरू हिच्या मांडीवर हाये."

"कागद हाये वं तो! अन् तोही लोकाचा!"

आता हे कोण बोलत होतं? गेलेल्या माणसाच्या फोटोला फ्रेम ठोकताना "जरा सांभाळून घ्या, आजोबा," असं म्हणणारा शालिकराम.

दुसऱ्या दिवशी तो धरमपेठेत जाऊन उभा राहिला. "बाई, चुकी झाली. तुमच्या चित्राची आमच्या घरी देवी झाली."

बाई आधी हसल्या. मग लेकराचं विचारलं. चित्र काही त्यांनी देऊन टाकलं नाही, भावाची आठवण होती. म्हणाल्या, "कुंकू राहू दे. श्रावणभर तुमच्याकडं, बाकीचे महिने माझ्या भिंतीवर. पण तान्ह्या पोळ्याला परत आलं पाहिजे."

'उद्या'वाल्या शालिकरामनं हा एक वायदा मात्र कधी चुकवला नाही. जिवतीला आणायचा. श्रावण सरला, पोळा झाला, की दुसऱ्या दिवशी, पोरं लाकडी बैल घेऊन निघायची तेव्हा, परत न्यायचा. चित्र गोधडीत गुंडाळून सायकलच्या कॅरिअरला बांधायचा, पण सायकलवर बसायचा नाही. हातात धरून पायी चालायचा.

"काय गा, कोणाले पोहचवून राहिला?" लोक विचारायचे.

"लेकुरवाळीले. माहेरी नेऊन राहिलो."

"अन् आणतो तेव्हा?"

"तवाही माहेरीच. सासर नाईच तिले, नशीबवान हाये."

प्रेमिला वाढली, शिकली, कामठीला दिली. त्र्याऐंशी साली तिला दिवस गेले अन् वच्छलाची धाकधूक पुन्हा सुरू झाली. त्याच पावसाळ्यात शालिकरामला दम लागायला लागला. डॉक्टरनं चालणं बंद केलं. त्या सालची दिवाळी काही त्यानं पाहिली नाही.

त्याआधीच्या तान्ह्या पोळ्याला वच्छला म्हणाली, "यंदा राहू द्या. बाई समजून घेतीन."

"यंदा नाई नेलं तं पुढच्या साली कोणत्या तोंडानं मागू वं? तवा नातू असन मांडीवर."

मग तिनं मला मागं धाडलं. तो चार घरं चालला की सायकलला टेकायचा. मी म्हटलं, "भाऊजी, रिक्षा करू."

"रिक्षात हादरे बसतेत तिले."

धरमपेठेत पोचायला दुपार झाली. त्यानं गोधडी सोडली, काच धोतराच्या सोग्यानं पुसली, चित्र खिळ्याला अडकवलं. दोन पावलं मागं सरून, एक डोळा मिटून पाहिलं. डावा कोपरा केसभर वर केला. बाईंनी दिलेला चहा उभ्या उभ्याच प्याला.

"येतो बाई," म्हणाला. "जिवतीले न्याले येतो."