सारख्या रेघा

माणसांआधी झाडांची खुशाली विचारणारा माणूस साऱ्या सौंसर तहसिलीत एकच होता, आणि तोच मला वनस्पतिशास्त्राचा शिक्षक म्हणून मिळाला, हे माझं भाग्य. आमच्या घरात माझ्याआधी कोणी पदवीधर नव्हतं. मी झालो तो या सरांमुळे. सर एकदा लोधीखेड्याला मुलगी पाहायला गेले आणि अंगणातल्या कडुनिंबाचं वय विचारून परतले. मुलीशी बोलायचं राहूनच गेलं. पुढे लग्नही राहिलं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. केरळातल्या पावसाळी जंगलात एका दुर्मीळ झाडाची जेमतेम एक राई उरली होती, आणि सरांचा जीव त्या राईत होता. दर सुट्टीत ते तिकडे जात आणि पानं बर्फाच्या डब्यात घालून पांढुर्ण्याला उतरत. स्टेशनवरचे हमाल विचारत, "सर, आमाले मासोळ्या कधी चारता?" सर डबा उघडून पान दाखवत, वर थोडा बर्फही मागून घेत. मग प्रयोगशाळेत स्टार्च शिजवून ताटात थापत. आम्ही त्याला सरांची बर्फी म्हणायचो. त्या थरात पानांचा रस ठेवून वीज सोडायची, वरून रंग ओतायचा, की रेघा उमटत. रेघांच्या जागा वेगळ्या, तर झाडांचे वंश वेगळे. "एक तरी झाड येगळं निघालं पाह्यजे," सर म्हणत. "सारे सारखे असले, तर एकच रोग साऱ्याइले घेऊन जाईन."

शेवटच्या पानांच्या रेघा उमटल्या, त्या पट्टीनं आखल्यासारख्या एका ओळीत. आजवर आणलेल्या पानांत एकही झाड वेगळं निघालं नव्हतं.

नेमके त्याच दिवशी रामाकोन्याहून त्यांचे वडील आले. त्यांची संत्र्याची बाग. कलम हुबेहूब मूळ झाडासारखं निघालं, की बागवानाचा जीव भांड्यात पडतो. साऱ्या रेघा सारख्या आल्या, एवढं शिपायाकडून कळताच ते बाजारात जाऊन पेढे घेऊन आले, आणि स्टाफरूमपासून वाटत वाटत आमच्यापर्यंत पोचले. मी समजावायला तोंड उघडलं, तर सरांनी डोळ्यांनीच थांबवलं आणि पेढा घेतला.

"तिथं जंगलात कलमा कोन बांधते, बापू?" वडिलांनी कौतुकानं विचारलं.

"कोनीच नाही, बाबा. थोडेच उरले, म्हणून सारखे झाले."

वडिलांनी हातातला पेढ्यांचा पुडा मिटला. मग ते सरांशेजारच्या स्टुलावर बसले आणि हळूच विचारलं, "काय नाव म्हनतेत त्या झाडाले?"

सरांनी सांगितलं. वडिलांनी ते पुन्हापुन्हा म्हणून पाहिलं. जिभेवर बसेना. सर दर वेळी, वर्गात आम्हाला सांगत त्याहूनही हळू आवाजात, ते सुधारून देत राहिले.