शुभेच्छुकांच्या रांगेतून

"ई राह्यनू रे भो, थांब जरा!"

धुळ्याला देवपुरात, मोठ्या रस्त्यावर, सैन्यभरतीच्या जाहिरातीचा एक भला मोठा फलक होता. कडक गणवेशातला एक अधिकारी छाती काढून उभा, मागे बर्फाचे डोंगर आणि खाली ठळक अक्षरांत 'देश तुमची वाट पाहतो आहे'. सकाळी पळायला जाताना आम्ही क्लासची सगळी पोरं त्या फलकाखालून जायचो. बाकीचे मान वर करून बघायचे आणि नकळत पोट आत घ्यायचे. माझ्या खोलीत राहणारा हा एकटा, लांबून येणारी एसटी थांबवावी तसा हात उंच करून त्या अधिकाऱ्याला ओरडून सांगायचा, "ई राह्यनू रे भो, थांब जरा!" म्हणजे, अहिराणीत, येतोय रे भाऊ, थांब जरा.

आम्ही हसायचो. मी सगळ्यांत मोठ्याने हसायचो, कारण मला त्याचा हेवा वाटायचा. तुमच्याही वर्गात असा एखादा असणारच. दिसायला काही विशेष नाही, बोलायला तर नाहीच, पण त्याच्या शेजारी बसलं की आपल्या अंगावरचे कपडे आपल्याला भाड्याचे वाटू लागतात.

मी नशिराबादचा. वडील जळगावात शिक्षक, घरात पुस्तकी मराठी आणि शाळा इंग्रजी माध्यमाची. तो भडगावकडचा, गिरणेकाठच्या एका गावातला, शेतकऱ्याच्या घरचा. बारावीनंतर अधिकारी घडवणाऱ्या अकादमीची परीक्षा द्यायची म्हणून आम्ही दोघं देवपूरच्या एकाच क्लासमध्ये आलो आणि एकाच खोलीत राहिलो. क्लासच्या सरांनी पहिल्याच दिवशी भाषण केलं. म्हणाले, सकाळी आरशात पाहायचं आणि स्वतःला विचारायचं, मी कोण? भावी कॅडेट! आमच्या खोलीला आरसा नव्हता. हा म्हणाला, "मंग आपन एकमेकांकडे पाहून विचारू."

माझा मोबाइल स्फूर्तिदायक व्हिडिओंनी भरलेला होता. ढोल वाजताहेत, बूट आपटताहेत, घोगऱ्या आवाजात कोणीतरी सांगतंय की झोप हा तुमचा शत्रू आहे. ते ऐकत मी जागा व्हायचो आणि ऐकता ऐकता पुन्हा झोपायचो. तो असलं काही बघायचा नाही. मी एकदा त्याला विचारलं, "तुला कंटाळा येत नाही का रे? रोज तेच पळणं, तीच गणितं?"

"येतो ना," तो म्हणाला. "पन कंटाळा आला म्हनून म्हशीची धार काढायची राहत नाही." एवढं बोलून त्याने बुटाची नाडी बांधली.

इंग्रजी सुधारण्याची त्याची एक खास तऱ्हा होती. रस्त्याने चालताना जे दिसेल ते तो मोठ्याने इंग्रजीत सांगायचा. "ओल्ड मॅन इज सेलिंग मेथी. मेथी इज नॉट फ्रेश. ओल्ड मॅन इज अँग्री ऑन मी." एकदा पांझरेच्या पुलावर उभा राहून त्याने नदीतल्या म्हशींचं सगळं धावतं वर्णन केलं. येणारी-जाणारी माणसं थांबून ऐकत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याला मात्र लाज म्हणून कशी ती वाटली नाही, आणि माझा खरा जळफळाट तिथूनच सुरू झाला. माझं इंग्रजी चांगलं होतं, पण ते मी चारचौघांत कधी बोललोच नव्हतो.

लेखी परीक्षा दोघंही पास झालो. मला त्याच्यापेक्षा जास्त गुण असणार याची मला खात्री होती. मुलाखतीसाठी दोघांना भोपाळचं बोलावणं आलं आणि योगायोगाने पहिल्या दिवशीच्या गटातही आम्ही एकत्रच आलो. तिथली रीत अशी, की आधी एक धूसर चित्र दाखवतात, त्यावर गोष्ट लिहायची आणि मग गटात बसून सगळ्यांनी मिळून एक गोष्ट ठरवायची. ज्यांना हे जमतं ते पुढे चार दिवस थांबतात. बाकीच्यांना त्याच दिवशी स्टेशनवर आणून सोडतात.

आमच्या गटाचा मासळीबाजार झाला. सगळे एकदम बोलत होते. मी तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा मिटलं. तेवढ्यात त्याने हात वर केला. फलकावरच्या अधिकाऱ्याला करायचा तसाच. "वन मिनिट, फ्रेंड्स," तो म्हणाला, "लेट हिम स्पीक." आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

सगळे गप्प झाले. मला आयती शांतता मिळाली. आणि तुम्हाला सांगतो, त्या शांततेत मला माझी गोष्ट आठवेना. आठवले ते व्हिडिओतले संवाद. धैर्य, जिद्द, शेवटचा श्वास, असलं काहीतरी मी बोलत सुटलो आणि आपोआप थांबलो. मग त्याने त्याची गोष्ट सांगितली. गावातली पाण्याची मोटार जळते, पोरं ती विहिरीतून वर काढतात, तालुक्याला नेऊन दुरुस्त करून आणतात. बस, एवढीच. तो थांबला आणि मी परत आलो. गाडीत खिडकीशी बसून मी त्याच्यावर चिडत होतो. त्याने मला बोलायला दिलं नसतं, तर निदान संधी मिळाली नाही असं तरी घरी सांगता आलं असतं.

पाचव्या दिवशी त्याचा फोन आला. निवड मंडळाने त्याची शिफारस केली होती.

आता इथे आमच्या खानदेशाची एक खोड सांगायला हवी. आमच्याकडे मुलगा तलाठी होवो की पोलीस पाटील, गावाच्या फाट्यावर त्याचा फ्लेक्स लागला नाही तर ते खरं धरत नाहीत. वर अभिनंदन, मध्ये उत्सवमूर्ती आणि खाली ओळीने शुभेच्छुकांचे छोटे फोटो, निम्मे गॉगल घातलेले. शिफारस म्हणजे निवड नव्हे. पुढे वैद्यकीय तपासणी असते, मग गुणांची अंतिम यादी लागते आणि त्यात नाव यावं लागतं. त्याने हे घरी सांगितलं. पण त्याचे आजोबा, ज्यांना अख्खं गाव आबा म्हणतं, ते ऐकायला तयार नव्हते.

"आबा, आजून यादी लागनी नही."

"बठ्ठा गावले माहीत पडी गयं," आबा म्हणाले. "आते काय बाकी शे?" सगळ्या गावाला कळलं, म्हणजे त्यांच्या लेखी झालंच.

तो गावी पोचण्याआधीच फ्लेक्स पोचला होता. त्याचा गणवेशातला फोटो कुठून असणार? मग भडगावच्या फ्लेक्सवाल्याने सैन्यभरतीच्या जाहिरातीतल्या अधिकाऱ्याचं धड घेतलं आणि त्यावर याचा आधारकार्डाच्या वेळचा चेहरा बसवला. रुंद खांदे, छातीवर पदकं आणि वर याची बारीक मान, घाबरलेले डोळे. खाली शुभेच्छुकांच्या रांगेत पहिला फोटो माझा. मी न विचारताच शुभेच्छुक झालो होतो. त्याची डीजे लावून मिरवणूक काढली. मीही नाचलो. त्या दिवशी माझ्याइतकं कोणी नाचलं नसेल, कारण थांबलो तर तोंड कसं ठेवायचं ते मला कळत नव्हतं.

यादी लागली. त्यात त्याचं नाव नव्हतं.

मला बरं वाटलं. उगाच शब्द फिरवत नाही, बरं वाटलं. त्या दिवशी मी आईकडून वांग्याचं भरीत मागून घेतलं आणि दोन भाकरी जास्त खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी त्याचं सांत्वन करायला म्हणून भडगावची बस धरली. खरं तर तो कसा दिसतो ते मला पाहायचं होतं.

फाट्यावर उतरलो, तर फ्लेक्स तिथेच होता. कोणी काढलाच नव्हता. काढायचा म्हणजे जे झालं ते गावाने तोंडाने कबूल करायचं, आणि पहिला हात कोण लावणार? आबांनी त्या रस्त्याने येणंच बंद केलं होतं, शेताच्या बांधावरून वळसा घालून जायचे. आणि हा त्याच फ्लेक्सखाली, घामाने निथळत, गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत उभा होता. फाटा ते नदीचा पूल, पूल ते फाटा असं त्याचं पळणं चाललं होतं. येणारा-जाणारा आधी वर बघायचा, मग खाली बघायचा आणि पुढे जायचा.

"हे काढून का टाकत नाहीस?" मी विचारलं.

त्याने वर पाहिलं. मला वाटलं, आता रडेल.

"धड त्यानं शे, तोंड मन्हं शे," तो म्हणाला. "आते तेवढं धड कमावानं बाकी शे."

म्हणजे, धड त्या जाहिरातीतल्याचं, तोंड माझं, आता तेवढं धड कमवायचं राहिलंय. आणि पुन्हा पुलाकडे पळत सुटला.

मी परतीच्या बसमध्ये बसलो, तेव्हा मला त्याच्या नापास होण्याचाही हेवा वाटत होता. माझं अपयश भोपाळ स्टेशनवरच्या चहावाल्यालाही कळलं नव्हतं. त्याचं अपयश फाट्यावर रंगीत छापून टांगलेलं होतं आणि तो त्याच्याच सावलीत उभा राहून श्वास घेत होता. असं मला सात जन्मांत जमलं नसतं.

वयाच्या अटीमुळे दोघांनाही एकच संधी उरली होती. मी अर्ज भरला नाही. घरी सांगितलं की पदवीनंतर बघू. जळगावात ओळखीच्या एका काकांचं फ्लेक्स छपाईचं दुकान होतं, तिथे कॉलेज सांभाळून संगणकावर बसू लागलो. माझ्या वाट्याला काय आलं असेल? भरतीपूर्व प्रशिक्षणाच्या क्लासेसचे फ्लेक्स! रोज एखादे सर यायचे, "जरा जोश दिसू द्या" म्हणायचे, आणि मी बर्फाचे डोंगर, रणगाडे आणि गरुड यांची खिचडी करून द्यायचो. 'उठा, सज्ज व्हा' असं लिहिता लिहिता मला जांभई यायची.

तो दर रविवारी फोन करायचा. कधी गणित विचारायचा, कधी नुसता त्याचा इंग्रजीचा सराव करायचा. "माय आबा इज रिपेअरिंग फेन्स. आबा इज नॉट लुकिंग ॲट फ्लेक्स." मी हो-हो करायचो. शेवटी नेमाने म्हणायचा, "तू फॉर्म भराले पाहिजे होता यार. दोघं पळालो असतो." हे वाक्य मला सगळ्यांत जास्त झोंबायचं, कारण तो ते मनापासून म्हणायचा.

तो पुन्हा भोपाळला गेला. पुन्हा शिफारस झाली. या वेळी त्याने गावात कोणाला काही कळू दिलं नाही, मला मात्र सांगितलं. नंतर यादी लागली आणि तिच्यात त्याचं नाव होतं.

त्याने नवा फ्लेक्स लावू दिला नाही. आबांनाही तो नको होता. "नवा कसाले? जुनाच धुई टाका. लिखेल ते खरं व्हयी गयं ना," असं म्हणून त्यांनी फ्लेक्स खाली उतरवला, अंगणात पसरला आणि गाईगुरं धुतात तसा ब्रशने घासून काढला. वर्षभराच्या उन्हाने त्याचा चेहरा फिका पडला होता, धडावरची पदकं मात्र अजून चकाकत होती. शुभेच्छुकांच्या रांगेतला माझा फोटो तर पार उडून गेला होता, राहिला होता नुसता शर्ट. आबा मला म्हणाले, "तुले काय व्हयनं रे? तोंड कोठे गयं तुन्हं?" सगळे हसले. मीही हसलो.

तो अकादमीत जायला निघाला, तेव्हा त्याला चाळीसगावला गाडीत बसवायला मी गेलो होतो. दारात उभं राहून त्याने हात उंच केला, काहीतरी ओरडला. भोंग्यात ऐकू आलं नाही.

त्याला आता सहा-सात महिने झाले. रविवारचा फोन थांबला आहे. आला तरी दोन मिनिटांचा, आणि तोही त्याच्या आईला. देवपूरच्या त्या फलकावर हल्ली सोन्याच्या दुकानाची जाहिरात आहे. मागच्या महिन्यात तिथून जाताना मी सवयीने मान वर केली, तर गळाभर दागिने घातलेली एक बाई माझ्याकडे बघत होती.

आणि परवा दुपारी आबा दुकानात आले. भडगावचा फ्लेक्सवाला सोडून मुद्दाम जळगावपर्यंत आले होते. सोबत नातवाचा फोटो. केस बारीक कापलेले, गाल बसलेले, चेहरा उन्हाने करपलेला, आणि अंगावर कॅडेटचा साधा गणवेश. पदक एकही नाही.

"आते खरा फोटो उना," आबा म्हणाले. "आते धडबी त्यानंच शे. चांगला मोठा कर. आनि तुन्हा फोटो पहिला ठेव. तू त्याना जोडीदार शेस."

आबांना बसस्टँडवर सोडून आलो. काका जेवायला घरी गेले होते. मी फोटो उघडला. या कामाला आता माझा हात बसला आहे, मान कापायला वेळ लागत नाही. मी त्याचा चेहरा काढला आणि तिथे माझा बसवला.

छान बसला. खांदे जुळले, कॉलर जुळली. सावलीसुद्धा योग्य बाजूला पडली. दुकानात येणाऱ्या कोणालाही वाटलं असतं की हा मुलगा अकादमीत आहे. मी खुर्ची मागे सरकवून पाहत बसलो. फाट्यावर वर पाहणारा तो मला आठवला. तोंड जागेवर होतं. फक्त त्या तोंडाने कधी त्या पुलापर्यंत पळून पाहिलं नव्हतं, आणि ते मला दिसत होतं.

मी माझा चेहरा काढला, त्याचा परत बसवला. खाली शुभेच्छुकांच्या रांगेत, आबांनी सांगितलं तसा, माझा फोटो पहिला ठेवला आणि काम मशीनला दिलं.

मजकूर उलटा लागला होता, त्यामुळे छपाई खालून सुरू झाली. म्हणजे सगळ्यांत आधी आम्ही शुभेच्छुकच बाहेर आलो, गॉगलसकट. मग बूट आले. मग पट्टा. मशीन इकडून तिकडे फिरत होतं आणि तो बोट-बोट वर सरकत होता. मी इतर काम सोडून तिथेच उभा राहिलो.

काका जेवून आले. ओल्या शाईकडे बघत त्यांनी विचारलं, "काय रे, आलं का पूर्ण?"

तेव्हा छातीपर्यंत झालं होतं. आमच्या घरात कोणी अहिराणी बोलत नाही, मी तर जन्मात बोललो नव्हतो.

"ई राह्यना," मी म्हटलं. "थांबा जरा."